जुना वण, नवा खडा

आमच्या श्रीरामपूरकडे उन्हाळा तापला की मूतखड्याची दुखणी डोकं वर काढतात. शेतात घाम निथळतो, पाणी पोटात जात नाही. लघवी घट्ट होते, तिच्यातले क्षार साचतात आणि खडा धरतो.

माझ्या मामूंना पहिला खडा झाला १९८८ साली. कुशीत वीतभर चिरा देऊन तो काढला होता. काही वर्षांपूर्वी त्याच मूत्रपिंडात दुसरा निघाला. ‘‘एकदा चिरलेल्या ठिकाणी दुर्बीण चालत नाही,’’ असं कुणीतरी सांगितलं आणि मामूंनी दुखणं अंगावर काढलं. पुढं कळ थांबली. ‘‘खडा पडला असेल रे,’’ म्हणाले. वर्षभरानं सोनोग्राफी केली, तेव्हा खडा जागेवरच होता आणि लघवी तुंबून मूत्रपिंड फुगलं होतं. कळ थांबली म्हणजे खडा गेला असं नव्हे, हे तेव्हा कळलं.

खरं तर दुर्बिणीची वाट जुनी आहे. १९७६ साली स्वीडनमधल्या फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन या डॉक्टरांनी पाठीतून बारीक वाट करून खडे काढल्याचं प्रसिद्ध केलं. भूल देऊन, एक्स-रे किंवा सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत पाठीतून मूत्रपिंडात सुई घालतात. ती वाट हळूहळू रुंद करतात, साधारण बोटाएवढी किंवा त्याहून बारीक. मग दुर्बीण आत घालून खडा फोडतात आणि तुकडे बाहेर काढतात. साधारण दोन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या खड्याला ही पद्धत वापरतात. लहान खड्याला लघवीच्या मार्गानं जाणारी लवचिक दुर्बीणही चालते.

मग जुन्या ऑपरेशनची अडचण काय? जखम भरताना आतही वण धरतो. मऊ मांस चिवट होतं, मूत्रपिंड आजूबाजूला चिकटून बसतं, त्यामुळं वाट रुंद करायला कष्ट पडतात. क्वचित आतडं सरकून मूत्रपिंडाच्या मागं आलेलं असतं. तिथं सुई लागली तर धोका. म्हणून अशा रुग्णाचा आधी सीटी स्कॅन करणं हिताचं. वेळ थोडा जास्त लागू शकतो, कधी उरलेल्या तुकड्यांसाठी पुन्हा उपचार करावे लागतात. रक्तस्राव आणि ताप यांचा धोका कोणत्याही रुग्णाला असतो. पण अनुभवी हातांत अशा रुग्णांचेही खडे दुर्बिणीनं चांगले निघतात, हे देशोदेशीच्या डॉक्टरांनी तपासून पाहिलं आहे.

मामूंचा खडाही तसाच निघाला. तिसऱ्या दिवशी ते घरात फिरू लागले. मात्र वर्षभर तुंबलेल्या त्या मूत्रपिंडाची काही ताकद गेली, ती परत आली नाही. हे नुकसान जुन्या वणानं केलेलं नाही, उशिरानं केलेलं आहे.

म्हणून मंडळी, जुने कागद, जुने फोटो जपून ठेवा. ते हरवले असतील, तर निदान वण दाखवा आणि ऑपरेशन कधी, कशाचं झालं ते सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगा. ऑपरेशननंतर आत स्टेंट म्हणजे नळी ठेवली असेल, तर ती काढण्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा. पुष्कळ जण ती विसरतात आणि मग त्या नळीवरच खडे धरतात. कळ येऊन थंडीताप भरला किंवा लघवी बंद झाली, तर सकाळची वाट पाहू नका. वेदनाशामक गोळ्या मनानं खात राहू नका, त्या मूत्रपिंडालाच बाधतात.

आणि खडा निघाला तरी तो पुन्हा होऊ शकतो. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या, मीठ कमी करा. दूध मात्र बंद करू नका. ज्यांना हृदयाचा वा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारावं.

मामू आता शेतावर जाताना पाण्याचा कॅन सायकलला आधी अडकवतात, डबा नंतर.