‘ओझ’चीं पुस्तकें व त्यांचे संग्राहक

छापखान्यांतील चुकीस कोणी मोल देईल काय? अमेरिकेंत देतात. एल. फ्रँक बॉम यांचें ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ओझ’ हें मुलांचें अद्भुतकथेचें पुस्तक १९०० सालीं शिकागो येथें निघालें. त्याच्या ८१ व्या पृष्ठावर ‘पीसेस’ या इंग्रजी शब्दांत दोन अक्षरांची अदलाबदल झाली होती. ती मागाहून सुधारली. अर्थात् चुकीचीं पानें आधींचीं होत. शेवटीं छापलेला मुद्रणविषयक मजकूरही आधीं ११ ओळींचा होता, मग १३ ओळींचा झाला. परंतु बांधणींत जुनीं-नवीं पानें मिसळलीं, त्यामुळें एकाच प्रतींत दोन्ही काळच्या खुणा सांपडतात. म्हणून पुष्कळ प्रती ताडून पाहाव्या लागतात.

हें काम एकट्याचें नव्हे. बॉम यांनीं या मालेंत १४ कादंबऱ्या लिहिल्या, त्यांच्या पश्चात् रूथ प्लमली थॉम्सन यांनीं आणखी १९ लिहिल्या! १९५७ सालीं जस्टिन शिलर या १३ वर्षांच्या मुलानें १६ सभासद मिळवून ‘इंटरनॅशनल विझर्ड ऑफ ओझ क्लब’ स्थापिला व ‘द बॉम ब्यूगल’ हें नियतकालिक काढलें. त्याच वर्षीं डेट्रॉइटच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रमुखांनीं या पुस्तकांत कांहीं मोल नाहीं असें म्हटलें होतें. तेव्हां ग्रंथपालांनीं टाकलेलें वाचकांनीं जपलें. मायकेल पॅट्रिक हर्न यांची सटीप आवृत्ति निघाली ती १९७३ सालीं.

जुन्या प्रती दुर्मिळ कां? मुलांनीं त्या वाचून वाचून फाडल्या. बाजारांत स्वच्छ प्रतीस भाव अधिक. आम्हांस मात्र बालहस्ताक्षरांत नांव घातलेली प्रत अधिक आवडेल.