पहिला जॉब आणि ९८ दिवस

दोन डोस घ्या, लोकलने फिरा! १५ ऑगस्ट २०२१ पासून हा नियम आला आणि आई-बाबा पास काढायला निघाले. आपण? आपण तेव्हा अजून घरीच होतो.

हिशोब सोपा होता. १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण १ मे २०२१ रोजी सुरू झालं, पण लसच कमी पडली आणि राज्यात ते थांबवावं लागलं. समजा, ३० जूनला तुम्हाला कोव्हिशिल्डचा पहिला डोस मिळाला. दुसऱ्यासाठी तेव्हा ८४ दिवस थांबावं लागायचं, वर आणखी १४. म्हणजे लोकल थेट ऑक्टोबरमध्ये!

आमच्या ग्रुपमधली एक डोंबिवलीत राहायची, पहिला जॉब दादरला. बस, रिक्षा बदलत जायची. निम्मा पगार प्रवासातच जायचा.

नियम चुकीचा नव्हता. पीक अवरचा डबा आठवा, दुसरी लाटही आठवा. पण ज्यांचा नंबरच उशिरा लागला, त्यांना निदान पहिल्या डोसवर कामापुरता पास द्यायला हवा होता. नाहीतर ऑफिसने तोवर वर्क फ्रॉम होम द्यायला हवं होतं. आरोग्य सांभाळायचंच होतं, फक्त त्याचं बिल एकट्या फ्रेशर्सवर नको होतं. सगळ्यांनी कॉन्ट्री काढायला हवी होती ना!