पिस्टन बदलण्याआधी: टू-स्ट्रोक डर्ट बाइकविषयीचे पाच गैरसमज

यामाहाची वायझेड २५० असो की मातीच्या ट्रॅकसाठी तयार केलेली जुनी आरएक्स १००, टू-स्ट्रोक गाडी बिघडली की पहिला सल्ला ठरलेला असतो: "पिस्टन गेला, बोअर-किट टाका." किट पडतं, गाडी सुरू होते आणि मूळ दोष तसाच राहिल्याने पुन्हा जाम होते. या इंजिनात पेट्रोल, हवा आणि टूटी ऑइलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं आणि तिथून सिलेंडरमध्ये जातं. त्यामुळे क्रँककेसही हवाबंद असावी लागते. निदान करताना नेमकं हेच विसरलं जातं.

गैरसमज १: खूप धूर म्हणजे रिंगा गेल्या.
वस्तुस्थिती: हा नियम फोर-स्ट्रोकचा. इथे ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, म्हणून थंड इंजिनाने थोडा धूर सोडणं स्वाभाविक आहे. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल आणि गिअर ऑइलची पातळी उतरत असेल, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील तपासा. त्यातून गिअर ऑइल आत खेचलं जातं. रेडिएटरची गाडी असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर संशय हेडच्या गास्केटवर किंवा ओ-रिंगवर घ्यावा.

गैरसमज २: प्लग काळा पडतो, सायलेन्सरमधून तेल गळतं, तर टूटी ऑइल कमी करा.
वस्तुस्थिती: हा सल्ला इंजिनाचा जीव घेऊ शकतो. काळ्या, ओल्या प्लगमागे बहुधा कार्ब्युरेटरमधला मोठा जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र), तुंबलेला एअर फिल्टर किंवा सतत कमी रेसवर चालवणं असतं. वायझेड २५० साठी यामाहाने ३०:१ हे प्रमाण दिलं आहे, म्हणजे लिटरला सुमारे ३३ मिली. त्यात काटकसर केली की क्रँकचं बेअरिंग आणि पिस्टन कोरडे पडतात. शिवाय ऑइल घटलं की त्याच जेटमधून पेट्रोल किंचित जास्तच जातं, म्हणजे मिश्रण आणखी रिच होतं.

गैरसमज ३: थ्रॉटल सोडूनही रेस खाली येत नाही, तर आयडलचा स्क्रू फिरवा.
वस्तुस्थिती: केबल अडकत नसेल, तर हे सर्वांत धोक्याचं लक्षण समजा. इंजिन कुठून तरी जादा हवा खेचतंय: मॅग्नेटोच्या बाजूचं सील, कार्ब्युरेटरचा रबरी जोड किंवा सिलेंडरखालचं गास्केट. मिश्रण लीन होतं, उष्णता वाढते आणि पिस्टन सीज होतो. अशी गाडी पळवू नका. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून सुमारे ६ पीएसआय दाब भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. दाब टिकायला हवा. बुडबुडे आले तिथे गळती.

गैरसमज ४: कॉम्प्रेशन चांगलं, म्हणजे इंजिन चांगलं.
वस्तुस्थिती: कॉम्प्रेशन गेज फक्त वरच्या बाजूचा दाब सांगतो. खाली क्रँककेसमध्ये मिश्रण आत घेणाऱ्या रीड व्हॉल्व्हची पाकळी तुटली किंवा नीट मिटत नसेल, तर गाडी किकला दाद देत नाही, आयडलला टिकत नाही, कार्ब्युरेटरमधून मिश्रण उलटं फेकते. गेज वापरताना थ्रॉटल पूर्ण उघडा आणि काटा थांबेपर्यंत किक मारा. गेजागणिक आकडा बदलतो, म्हणून तुलना त्याच गेजच्या जुन्या नोंदीशी करा.

गैरसमज ५: जाम झालेला पिस्टन म्हणजे भंगार.
वस्तुस्थिती: तोच सर्वांत मोठा पुरावा आहे. चार बाजूंना उभे ओरखडे असतील, तर इंजिन गरम होण्याआधीच पिळलं गेलं किंवा पिस्टन-बोअरमधली फट कमी होती. फक्त एक्झॉस्टकडे रुंद घासल्याची खूण लीन मिश्रण किंवा अपुरं ऑइल सुचवते. माथ्याची कड बारीक कुरतडल्यासारखी दिसली, तर डेटोनेशन (मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट) झालंय: इग्निशन टायमिंग, पेट्रोलचा दर्जा आणि मिश्रण तपासा.

तपासणीचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी एअर फिल्टर, ताजं मिश्रण आणि प्लग. मग कॉम्प्रेशन, रीड आणि गळतीची चाचणी. जेटला हात सर्वांत शेवटी. गळती तशीच ठेवून मोठा जेट टाकला, तर गाडी काही काळ बरी वाटते, पण झिजलेलं सील आणखी उघडत जातं. कारण हाती लागल्याशिवाय नवा पिस्टन बसवू नका आणि मेकॅनिककडून जुना पिस्टन मागून घ्या.