पेशी लहानच का राहते?

हत्तीच्या पेशी उंदराच्या पेशींहून मोठ्या असतील, असे सहज वाटते. पण तसे नाही. हत्तीत पेशींची संख्या प्रचंड, त्यांचा आकार मात्र बहुतांशी उंदरासारखाच. कारण साध्या हिशेबात सापडते.

पेशीला अन्न आणि प्राणवायू आत घ्यावा लागतो, घाण बाहेर टाकावी लागते. हा सारा व्यवहार बाहेरच्या पापुद्र्यातून चालतो. एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घ्या. घनफळ १, पृष्ठफळ ६. बाजू तिप्पट करा. घनफळ २७, पृष्ठफळ ५४. खाणारी तोंडे २७ पट झाली, दारे ९ पटच वाढली! पाळी सुटताना कारखान्याच्या फाटकावर उभे राहून ज्याने पत्रके वाटली आहेत, त्याला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. शिवाय आत आलेला पदार्थ नुसता पसरत मध्यापर्यंत जायचा, तर अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट लागतो.

मग कोंबडीच्या अंड्यातील बलक ही एकच पेशी कशी? तर बलक हे बहुतेक अन्नाचे कोठार. जिवंत कारभार वरच्या लहानशा ठिपक्यात चालतो.

पण खरे नामी उदाहरण आपल्या शिवारातच आहे. सरकीवरचा कापसाचा प्रत्येक तंतू ही एकेक पेशी असते. लांबी २५ ते ३० मिलिमीटर, जाडी मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतकी. ती कितीही लांबली तरी तिचा मध्य काठापासून दूर जात नाही. वाढत्या तंतूच्या आत बहुतेक पाणीदार रस असतो आणि जिवंत द्रव्य भिंतीलगतच्या पातळ थरात. हीच पेशी गोळा होऊन वाढती, तर तेवढ्याच घनफळाला पृष्ठभाग सुमारे आठवा हिस्सा मिळता. बोंड फुटते तेव्हा ती मेलेली असते. आपण पिंजतो, काततो ती तिची वाळलेली भिंत.

हाच हिशेब फुप्फुसातही लागू पडतो. तेथे कोट्यवधी लहान पिशव्यांचा मिळून सुमारे ७० चौरस मीटर पृष्ठभाग होतो. वर्षानुवर्षे बिडी ओढली की पिशव्यांमधल्या भिंती नष्ट होतात, चार लहान पिशव्यांची एक मोठी होते. हवेला जागा उरते, पण रक्ताला भिडणारा पृष्ठभाग घटतो. मग रुईच्या गाठी उचलणारा पन्नाशीतला गडी चार पायऱ्या चढून दम खात बसतो, आणि मुकादम त्याला कामचुकार म्हणतो.