वॉचमनला काय येतं, की वॉचमनला काय करता येतं?

संशोधनाचा प्रश्न चुकला की काय होतं, हे मला विचारणारे बरेच मेल येतात. त्यामुळे आज माझ्याच चुकलेल्या प्रश्नाबद्दल लिहिते.

माझा विषय निवासी उंच इमारतींमधले सुरक्षारक्षक आणि आगप्रतिबंध. सुरुवातीला प्रश्न ठरवला होता: 'सुरक्षारक्षकांना अग्निसुरक्षेचं ज्ञान किती आहे?' दिसायला छान, मोजायला सोपा. प्रश्नावली तयार केली आणि पायलट म्हणून मोजक्या लोकांकडून भरून घेतली. आग लागल्यावर लिफ्ट वापरावी का? नाही. विजेच्या आगीवर पाणी मारावं का? नाही. फायर ब्रिगेडचा नंबर? १०१. सगळे पास. मला वाटलं, झालं, आता दोनशे जणांकडून भरून घ्यायची आणि टक्केवारी काढायची.

मग एका रात्री ठाण्यातल्या एका इमारतीत रात्रपाळीच्या काकांबरोबर राउंडला गेले. काका साताऱ्याकडचे. गच्चीच्या दाराला कुलूप कधीच नसावं, हे त्यांनी प्रश्नावलीत बरोबर लिहिलं होतं. वर पोचलो तर दाराला भलंमोठं कुलूप.

"काका, चावी?"

"सेक्रेटरीसायबांकडं. पोरं वर जाऊन पार्ट्या करतात म्हणून लावलंय. आपण काय बोलणार ताई?"

इथे माझी प्रश्नावली संपली. काकांना उत्तर येत होतं, पण त्यांच्याकडे चावी नव्हती आणि ती मागायचा अधिकारही नव्हता. मी मोजत होते ज्ञान, आणि दार अडलं होतं अधिकारामुळे.

सुरक्षाविषयक संशोधनात यासाठी एक जुना फरक वापरतात: कल्पनेतलं काम आणि प्रत्यक्षातलं काम. एरिक होल्नागेल यांच्या लेखनात तो सारखा भेटतो. कल्पनेतलं काम कागदावर सापडतं, म्हणून मी आधी कागद वाचले. महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकतो आणि परवानाधारक एजन्सीकडून जानेवारी व जुलैत 'ब' नमुन्यातलं प्रमाणपत्र मागतो. दुसरीकडे खासगी सुरक्षा एजन्सींचा २००५ चा केंद्रीय कायदा आहे. त्याखालच्या २००६ च्या आदर्श नियमांत रक्षकासाठी १०० तास वर्गातलं आणि ६० तास प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितलं होतं, अभ्यासक्रमात आग विझवणंही होतं. सोसायटीने थेट पगारावर ठेवलेल्या काकांना मात्र हा एजन्सीचा नियम लागत नाही. दोन्ही कागद एकत्र वाचल्यावर दिसतं की यंत्रणा एकाची, प्रशिक्षण दुसऱ्याचं, आणि रात्री अडीच वाजता पॅनलसमोर बसलेला माणूस तिसराच.

त्या माणसाने नक्की काय करायचं असतं? हिरोगिरी तर अजिबात नाही. खरं काम बरंचसं कंटाळवाणं असतं. जिन्यातली चपलांची रॅक आणि सायकली हटवायला लावणं. जिन्याचं फायर डोअर कुंडी लावून उघडं ठेवलेलं असेल तर बंद करणं, कारण धूर जिन्यात शिरला की वरच्या लोकांची वाट संपते. एक्स्टिंग्विशरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना हे पाहणं (सीओटू सिलिंडरला काटा नसतो, त्याचं वजन करावं लागतं, हे मलाही राउंडलाच कळलं). हायड्रंटच्या पेटीत होज आणि नोझल आहेत का, पंप ऑटोवर आहे का, बंबाच्या वाटेत कुणाची गाडी तर नाही. आणि आग लागलीच तर आधी फोन, मग रहिवाशांना सावध करणं, शक्य असल्यास त्या मजल्याची वीज तोडणं, गेट उघडून बंबाला इनलेट आणि मेन स्विच कुठे आहे ते दाखवणं.

यातलं 'आधी फोन' सगळ्यात अवघड आहे. पॅनल वाजतं, काका सायलेन्सचं बटण दाबतात. माझं पहिलं टिपण: 'निष्काळजीपणा'. आठवडाभर बसल्यावर कळलं की डिटेक्टरमध्ये धूळ जाऊन तोच झोन रोज वाजतो, आणि एकदा खोट्या अलार्मवर सगळी इमारत खाली आणल्याबद्दल काकांनी शिव्या खाल्ल्या होत्या. टिपणातला तो शब्द मी खोडला नाही, शेजारी तारीख टाकून नवीन टिपण लिहिलं. तुम्हीही खोडू नका.

या ठिकाणी लाताने आणि डार्ली यांचा १९६८ चा प्रयोग हमखास आठवतो. खोलीत धूर सोडला. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्क्यांनी तो कळवला, पण शेजारी दोघं मुद्दाम निर्विकार बसवल्यावर फक्त १० टक्क्यांनी. मला मोह झाला की रोज खोटं वाजणारं पॅनल म्हणजेच तो निर्विकार शेजारी, असं लिहून टाकावं. गाईडनी पेन्सिलीने विचारलं, "अमेरिकेतले कॉलेजचे विद्यार्थी आणि बारा तासांची ड्यूटी करणारा माणूस, तुलना कशी?" बरोबर होतं. तो प्रयोग मला प्रश्न सुचवू शकतो, माझ्या काकांबद्दल पुरावा देऊ शकत नाही.

दुसरं टोकही आहे. २२ ऑक्टोबर २०२१ ला करी रोडच्या साठ मजली वन अविघ्न पार्कमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर आग लागली. पाहायला वर गेलेला सुरक्षारक्षक अडकला, बाल्कनीला लटकला आणि पडून गेला. वय तीस. 'रक्षक दुर्लक्ष करतात' या माझ्या गृहीतकात हा माणूस कुठेच बसत नव्हता. त्यानंतर मी एक नवा प्रश्न घातला: 'एकट्याने किती वर जायचं आणि कुठे थांबायचं, हे तुम्हाला कुणी सांगितलंय का?' यावर बहुतेक वेळा आधी शांतता मिळते.

आता नैतिकतेच्या फॉर्मबद्दल, जो आपण सगळे शेवटच्या रात्री भरतो. एका इमारतीत मला फायर पंप मॅन्युअलवर दिसला. गळतीमुळे तो सारखा चालू होतो म्हणून तसा ठेवलेला. निरीक्षक म्हणून गप्प बसायचं की सांगायचं? वर शंभरेक कुटुंबं झोपलेली. मी कमिटीला सांगितलं. पंप त्याच दिवशी ऑटोवर आला, आणि 'बाहेरच्या मुलीला पंपरूम का दाखवली' म्हणून रक्षकाची बदली झाली. गळती तशीच राहिली.

मी सांगायला नको होतं असं मला आजही वाटत नाही. पण कसं सांगायचं हे आधी ठरवलेलं नव्हतं, आणि त्याची किंमत माझ्याऐवजी त्याने मोजली. आता संमतिपत्रात एक ओळ आहे: जिवाला धोका दिसल्यास मी तो लेखी, थेट व्यवस्थापनाला, कोणत्याही रक्षकाचा उल्लेख न करता कळवेन. ही ओळ मी कमिटीला आणि रक्षकाला, दोघांनाही पहिल्या दिवशी वाचून दाखवते. ती ऐकून दोन सोसायट्यांनी मला परवानगी नाकारली. त्या नकारांच्या तारखा माझ्या फील्ड डायरीत आहेत. पद्धतीच्या प्रकरणात त्या कुठे बसवायच्या, यावर या महिन्यात काम चालू आहे.