ऑफिसातला फोटोचा दिवस: प्रकाश, अंतर आणि रांगेचं गणित

‘येत्या गुरुवारी सर्वांचे फोटो काढले जातील’ अशी ईमेल परदेशात नोकरी करणाऱ्या अनेकांना कधी ना कधी येते. दोन-तीन मिनिटांत काढलेला तो फोटो मग ओळखपत्रावर आणि कंपनीच्या वेबसाइटवर वर्षानुवर्षं राहतो. कधीही न भेटलेले सहकारी आपल्याला त्यावरूनच ओळखतात. त्यात आपला चेहरा काळवंडलेला दिसला, तर दोष चेहऱ्याचा नसतो, बहुधा प्रकाशाच्या मोजमापाचा असतो. हा दिवस आखायचं काम तुमच्याकडे आलं, तर थोडं भौतिकशास्त्र कामी येईल.

कॅमेऱ्याला काय वाटतं?

कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरून परावर्तित होणारा प्रकाश मोजतो आणि दृश्य एकंदरीत मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. मागे पांढरीशुभ्र भिंत असली की त्याला वाटतं, प्रकाश फार झाला. तो फोटो गडद करतो आणि सावळा चेहरा आणखी काळा पडतो. आजचे कॅमेरे चेहरा ओळखून हे सावरायचा प्रयत्न करतात, पण त्यावर विसंबू नये. चेहऱ्यावर ‘पडणारा’ प्रकाश वेगळ्या मापकाने मोजावा, म्हणजे भिंतीचा परिणाम उरत नाही.

याला इतिहासही आहे. रंगीत फिल्मच्या काळात फोटो लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकची ‘शर्ली कार्डं’ वापरत. त्यांवर अनेक दशकं गोऱ्या स्त्रीचाच फोटो असे. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी 2018 साली चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त 0.8 टक्के होती, तर सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती 34.7 टक्क्यांपर्यंत गेली. म्हणून आदल्या दिवशी गोरा, गव्हाळ, सावळा, काळा अशा वेगवेगळ्या वर्णांच्या चार-पाच सहकाऱ्यांना बोलावून चाचणी घ्या. फक्त एचआरमधल्या एकाच माणसावर दिवे जुळवून भागत नाही.

जमिनीवर चिकटपट्टी कशाला?

लहान दिव्यापासून दूर गेलं की प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. दिव्यापासून 1 मीटरवर उभा राहणारा माणूस 1.4 मीटरवर सरकला, तर त्याच्यावर जवळपास निम्माच प्रकाश पडतो. उभं राहायची जागा चिकटपट्टीने आखली की ही अडचण मिटते.

कॅमेऱ्याचं अंतरही महत्त्वाचं. समजा, नाकाच्या टोकापासून कान 12 सेंटिमीटर मागे आहेत. कॅमेरा नाकापासून 30 सेंटिमीटरवर असेल, तर कानांच्या तुलनेत नाक 1.4 पट मोठं दिसेल. तोच दीड मीटरवर नेला, तर फरक फक्त 8 टक्के उरतो. सेल्फीतलं नाक आपल्याला परकं वाटतं ते यामुळेच!

खिडकीतला उजेड निळसर आणि छतावरचा दिवा पिवळसर असेल, तर चेहऱ्याच्या दोन बाजू दोन रंगांच्या दिसतात. एका बाजूचा रंग सुधारला की दुसरी बिघडते. तेव्हा पडदे ओढा, छतावरचे दिवे बंद करा आणि एकाच प्रकारचा प्रकाश ठेवा. चष्म्यावर चमक येत असेल, तर दिवा वर चढवा. आपाती कोन आणि परावर्तन कोन सारखे असल्याने चमक कॅमेऱ्याच्या खालून निघून जाते.

रांग का वाढते?

एकाला पाच मिनिटं लागतात म्हणून तासाला बरोबर 12 जणांना वेळ देऊ नका. एकाला उशीर झाला की तो भरून काढायला जागाच उरत नाही. तासाला 10 जण बोलवा. 40 जणांचं काम चार तासांत होईल. जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेला नियम सांगतो: थांबलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले प्रत्येकाचा सरासरी वेळ. तासाला 10 जण येत असतील आणि प्रत्येकाचा अर्धा तास जात असेल, तर तिथे कायम सरासरी पाच जण ताटकळणार. हाच वेळ 12 मिनिटांवर आणला, तर दोनच.

आधी काय कळवाल?

पार्श्वभूमीचा रंग कळवा. गडद पडद्यापुढे गडद कोट घातला, तर खांदे दिसेनासे होतात. बारीक चौकडीचा सदरा टाळायला सांगा. कॅमेऱ्याच्या पिक्सेलच्या जाळीशी त्याची नक्षी जुळली की नसलेल्या लाटा उमटतात. टिकली, पगडी, हिजाब ठेवायचं की नाही, हे ज्याचं त्याला ठरवू द्या. ब्रिटन आणि युरोपीय संघात फोटो ही कायद्याने वैयक्तिक माहिती आहे, तेव्हा तो कुठे वापरणार हेही लिहा.

आणि फोटो काढल्यावर प्रत्येकाला पडद्यावर तीन-चार फोटो दाखवून त्यातला एक निवडू द्या. त्याला अर्धं मिनिट लागेल, पण तो फोटो त्या माणसाला पुढची कित्येक वर्षं वागवायचा आहे.