घंटा वाजते प्रवाह थांबल्यावर!

लोणावळ्यातील कितीतरी बंगले आठवडाभर कुलूपबंद असतात; मालक राहतात मुंबईला किंवा पुण्याला. पावसाळ्यात तर सरींच्या आवाजापुढे कडी तोडल्याचा आवाज शेजारीही जात नाही. अशा घराची राखण विजेकडून कशी करवून घ्यावी?

तुम्ही म्हणाल, दार उघडताच विद्युतमंडल पूर्ण होऊन घंटा वाजावी. पण चोराने आधीच तार कापली तर? घंटा मुकीच राहील! म्हणून उलट युक्ती करतात. दार बंद असताना मंडलातून अल्प प्रवाह सतत वाहतो आणि एका विद्युतचुंबकाने घंटेची कळ ओढून धरलेली असते. दार उघडो वा तार तुटो, प्रवाह थांबतो, कळ सुटते आणि घंटा वाजते.

यासाठी चौकटीवर काचेची बारीक नळी बसवतात. तीत लोहयुक्त दोन पट्ट्या असतात. दारावरचा चुंबक जवळ असेपर्यंत त्या एकमेकींना चिकटून राहतात. ही रचना १९३६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुड यांनी शोधली. नळी हवाबंद असल्याने मावळातील दमट हवेतही पट्ट्या गंजत नाहीत. वीज गेली तरी मंडल चालावे म्हणून बॅटरी मात्र हवी.

घंटा चोराला अडवीत नाही; ते काम दार-कुलपाचे. जवळच्या लोहगडाला एकामागून एक चार दरवाजे आहेत. ते शत्रूचा वेळ खात, तेवढ्यात गड जागा होई. घराचेही तसेच. कुलपाने वेळ मिळवावा, घंटेने हाक द्यावी; आणि ती घंटा शेजाऱ्याच्या घरात असावी!